एका गॅलनात घाटकोपर

"हत्तिणीचा निकाल रविवारी लागणार," असं नंदकुमारने गुरुवारीच जेवताना जाहीर करून टाकलं होतं. टिपणिसांच्या घरात मोठ्या मुलाने आमटी भुरकत काही जाहीर केलं की ते गॅझेटात छापल्यासारखंच असे.

हत्तीण म्हणजे गाडी. सत्तेचाळीस साली विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून भाऊंनी घेतलेली, सहा सिलिंडरची, काळीशार, मागे दिवाणखान्यातला कोच बसवावा तशी बैठक असलेली. भाऊ तिला गजलक्ष्मी म्हणत आणि दर रविवारी स्वतःच्या धोतराच्या सोग्याने तिचे दिवे पुसत. भाऊंना जाऊन दोन वर्षं झाली, आणि आता मुलगे तिला सरळ हत्तीण म्हणू लागले होते. त्यांचं चुकतही नव्हतं म्हणा. गॅलनाला आठ मैल! साहेबाच्या हातात हीच गाडी पंधरा मैल जायची, असं भाऊ सांगत. मग मधल्या वर्षांत हिच्या पोटात कुठला राक्षस शिरला, ते कुणालाच कळत नव्हतं.

गाडी चालवत होती कुंदा, भाऊंचं शेंडेफळ. मुलुंडची डॉक्टरीणबाई, वय अठ्ठावीस, लग्न झालेलं नाही, आणि ऐकून घ्यायची सवय तर मुळीच नाही. नाहूर, भांडुप, कांजूर इथल्या बाळंतिणी तिच्याच भरवशावर. आग्रा रोडवर ती काळी गाडी दिसली की बाया म्हणायच्या, चला, आली एकदाची.

एकदाच ती आली नव्हती. गेल्या श्रावणात कांजूरला शेवंती अडली होती, आणि टाकीत दोन गॅलन आहेत अशा समजुतीत निघालेली कुंदा भांडुपच्या पुढे रस्त्यातच थांबली. टाकी कोरडी ठणठणीत. बॅग डोक्यावर धरून ती सव्वा मैल चिखलातून पळाली. शेवंती वाचली, मूल गेलं. त्यानंतर शेवंतीने कुंदाला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच कुंदाला सहन होत नव्हतं. आता शेवंतीची धाकटी जाऊ नलिनी दिवसांत होती, माघ अखेरीला मोकळी होणार होती, आणि कुंदाने तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं, "मी येणार. गाडी घेऊन येणार."

म्हणून गुरुवारी तीही आमटीची वाटी बाजूला सारून म्हणाली होती, "दादा, एक गॅलन. मोजून. इथून घाटकोपर आणि परत, चौदा मैल. गेली तर गाडी घरात राहील. नाही गेली तर गाडी मागणाऱ्या तुझ्या त्या शेठला किल्ली मी स्वतः देईन."

"बघ हं," नंदकुमार म्हणाला. "सगळ्यांसमोर बोलते आहेस."

"सगळ्यांसमोरच बोलते आहे."

मधला भाऊ विद्याधर यावर म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे." विद्याधर बँकेत होता आणि जन्मापासून दोघांचंही बरोबर आहे असंच म्हणत आला होता.

गुरुवार ते रविवार कुंदा आणि जयवंत हत्तिणीच्या मागे हात धुवून लागले. जयवंत मूळचा मालवणकडचा. तीस वर्षं गिरणीत बॉयलरवर काढून आता मुलुंड स्टेशनच्या पूर्वेला एका पत्र्याच्या शेडमध्ये मोटारी दुरुस्त करायचा. त्यांनी प्लग काढले तर ते काजळाच्या डबीत बुडवल्यासारखे काळे. ते घासले. चाकांत हवा कमी होती, ती भरली. मागचा एक ब्रेक चाकाला सतत घासत होता, तो सोडवला. डिकी उघडली तर आत भाऊंनी घाटात गाडी उडू नये म्हणून ठेवलेली वाळूची दोन पोती! मुलुंडला कुठला आलाय घाट? जयवंत पोती उतरवता उतरवता इतका हसला की त्याला खोकला लागला.

रविवारी सकाळी आठला टाकी पार रिकामी केली आणि मापाच्या डब्याने एक गॅलन ओतलं. साक्षीदार म्हणून विद्याधर मागे बसला, जयवंत पुढे. घाटकोपर झकास आलं. कुंदाने गाडी वळवली, आणि विक्रोळी मागे पडल्यावर, कांजूरच्या जरा अलीकडे, हत्तीण दोनदा शिंकली आणि थांबली. बरोबर दहा मैल.

"आठाचे दहा झाले, वाईट नाही," विद्याधर म्हणाला.

कुंदा खिडकीबाहेर बघत होती. इथून शेवंतीच्या वाडीची चिंचेची झाडं दिसत होती.

जयवंतने मात्र बॉनेट उघडलं आणि डोकं आत घातलं ते बराच वेळ बाहेर काढलं नाही. "बाय," तो आतूनच म्हणाला, "पेट्रोल पिता, पण हेका हवाच गावना नाय. म्हणान धूर काळो येता. गिरणीत मी ह्याच बघत इलंय. धूर काळो, म्हणजे आग नाय, नासाडी."

"हवा का नाही मिळत? जाळी साफ केली की आपण."

"जाळी साफ हा. पण आतली झडप अर्धी बंद हा. चोक ओढलेलो हा काय?"

चोक म्हणजे थंडीत गाडी सुरू करताना बाहेर ओढायची ती खुंटी. ओढली की हवेची वाट बंद होते, पेट्रोल जास्त जातं, इंजिन धरतं. धरलं की खुंटी आत ढकलायची. कुंदा रोज ढकलायची, तळहाताने, जाईल तेवढी.

"ढकलली आहे रे. जाते तेवढी गेली आहे."

"जाता तेवढी," जयवंत म्हणाला आणि येऊन खुंटीपाशी वाकला. मग त्याने आपली टोपी काढली आणि हातात धरली. "बाय, हंयसर बघा."

खुंटीच्या मागे, दांडीवर, सुपारीपेक्षा मोठा एक तांबडा गोळा होता. दोऱ्यावर दोरा, दोऱ्यावर दोरा, हळदीकुंकवात भिजून आणि तेल पिऊन दगडासारखा झालेला. खुंटी आत जायची ती त्या गोळ्याला टेकून थांबायची. अर्धा इंच बाहेर. गोळा दर वर्षी एका दोऱ्याने वाढत होता.

अकरा दसरे.

कुंदाला आठवलं. पहिल्या वर्षी गाडीच्या पूजेला माईने, तिच्या आईने, विचारलं होतं, अहो, दोरा बांधू कशाला? भाऊ म्हणाले होते, चाकाला नको, हँडलला नको, हात अडकतो. ह्या खुंटीला बांध, इथे काही अडत नाही. तेव्हापासून माई दर दसऱ्याला दोरा बांधायची. भाऊ गेल्यावर पूजा पद्मजावहिनी करू लागली, माई कुंकवाला हात लावेना, पण दोरा मात्र तिचाच. आणि देवाचा दोरा तोडत नाहीत, म्हणून जुना कधी निघाला नाही.

विद्याधरने चष्मा पुसला. "वाट लागली," तो म्हणाला, आणि या वेळी कुणाचं बरोबर आहे ते त्याने सांगितलं नाही.

बरोबर आणलेल्या डब्यातलं पेट्रोल घालून ती घरी आली तेव्हा बारा वाजले होते. नंदकुमार व्हरांड्यात पेपर उघडून बसला होता, वाचत नव्हता.

"किती?"

"दहा."

"झालं तर मग. चंद्रप्रकाश शेठ चारला येतायत. घाटकोपरचे आहेत, लग्नाच्या वरातींना लावणार आहेत गाडी. चांगल्या घरी पडेल."

"दादा, मला कारण सापडलं आहे. अजून एकदा जाऊ दे."

"कुंदे, शब्द दिला होतास ना?"

"दिला होता. चारपर्यंत माझाच आहे तो."

नंदकुमारने पेपर खाली आपटला. "तुला काय वाटतं, मला पेट्रोलची पडली आहे? अगं, तू त्या रस्त्यावर एकटी अडकून बसतेस, इथे माझ्या घशाखाली घास उतरत नाही! श्रावणात तू चिखलाने माखून आलीस, कोपरापर्यंत रक्त, आणि एक शब्द बोलत नव्हतीस. त्या दिवशीच मी ठरवलं, ही अवदसा घरात नको."

हे त्याने आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. कुंदाला त्याच्यावर चिडताच येईना, आणि तिला चिडायचं तर फार होतं. "अडकू नये म्हणूनच तर चाललंय हे सगळं," ती कशीबशी म्हणाली आणि आत गेली.

स्वयंपाकघरात पद्मजा पोळ्या लाटत होती. पद्मजा नंदकुमारची बायको. गेली दहा वर्षं नवऱ्याच्या शब्दाबाहेर न गेलेली, निदान माणसांसमोर तरी. विद्याधरने तिला सगळं आधीच सांगितलं होतं. तिने लाटणं ठेवलं आणि हळूच कात्री पुढे केली.

"माई देवघरात आहेत. जा, कापून टाक. त्यांना आता जवळचं दिसतं कुठे? नवा दोरा मी तसाच गुंडाळून देते वरून."

"वहिनी, तुम्ही?"

"माझा बबन पायाळू होता. तू नसतीस तर मी आज इथे पोळ्या लाटत नसते. घे म्हणते ना!"

कुंदाने कात्री घेतली. एक क्षणभर तिला वाटलं, किती सोपं आहे. पाच मिनिटांचं काम. मग तिच्या डोळ्यांपुढे माई आली, पुढच्या दसऱ्याला अंधूक डोळ्यांनी खुंटी चाचपणारी, आणि बोटांना अकरा वर्षांचा गोळा न लागलेली. डोळ्यांना दिसत नाही, पण बोटांना कळतंच की! तिने कात्री फळीवर ठेवून दिली.

"विचारते मी तिला."

"नाही म्हणतील गं!"

"म्हणू दे. तिचे आहेत ते."

माई देवघराच्या उंबऱ्याशी वाती वळत होती. कुंदाने तिला सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, काही वाढवलं नाही. ऐकता ऐकता माईची वात जाड होत गेली.

"म्हणजे माझे दोरे तोडायचे," ती म्हणाली.

"हो."

"अगं, त्यात तुझ्या वडिलांची एकूण एक वर्षं आहेत. एकोणपन्नास साली घाटात ट्रक अंगावर आला होता, केसाने वाचले. त्या दोऱ्याने वाचले! आणि तू म्हणतेस, कात्री लावते. मला नाही चालायचं. विका हवी तर गाडी. दोऱ्यासकट विका."

"माई..."

"विका म्हटलं ना!"

पद्मजा मागे येऊन उभी होती. तिला राहवेना. "पण माई, त्या श्रावणात शेवंती..."

"वहिनी!" कुंदा इतक्या जोरात म्हणाली की पद्मजाने पदर तोंडाला लावला.

पण माई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने वात ठेवली. मग म्हणाली, "कुंदे, इकडे बघ माझ्याकडे. त्या दिवशी गाडीतलं पेट्रोल संपलं, ते माझ्या दोऱ्यांनी प्यायलं होतं का गं?"

कुंदाला खोटं बोलता आलं असतं. डॉक्टर रोज थोडं बोलतातच. "थोडं तुझ्या दोऱ्यांनी," ती म्हणाली. "आणि थोडं माझ्या आळसाने. धूर काळा येतो हे मला तेव्हाही दिसत होतं. मी बॉनेट उघडून घेतलं नाही. ते मूल माझ्या खाती आहे, माई, तुझ्या नाही."

माई रडली नाही. तिने दोन्ही हात जमिनीला टेकले आणि उठली. "दाभण दे मला," ती म्हणाली. "मोठी, गोधडीची. कात्री नको. बांधले मी आहेत, सोडवेन मी."

चालकाच्या जागेवर माई आयुष्यात पहिल्यांदाच बसली. आजवर ती भाऊंच्या डाव्या हाताला बसायची. कुंदाने तिच्या पाठीशी उशी दिली, जयवंतने गोळ्यावर रॉकेलचे थेंब सोडले, आणि माईने दाभणीचं टोक पहिल्या गाठीत घातलं.

"हा गेल्या वर्षीचा," ती म्हणाली. सुटला. "हा ते गेले त्या वर्षीचा. ह्याला कुंकू नाही." सुटला. "हा बबनच्या वेळचा." दोरा सुटला की ती तो मांडीवरच्या रुमालावर सरळ करून ठेवायची. मधल्या एका दोऱ्यापाशी ती कुंदाला म्हणाली, "हा तू मेडिकलला गेलीस त्या वर्षीचा. त्या दिवशी ते सगळ्या गल्लीला पेढे वाटत सुटले, आणि मला म्हणाले, आता गजलक्ष्मी हिचीच." हे कुंदाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिने पुढच्या काचेकडे तोंड फिरवलं.

गाठी सोप्या नव्हत्या. माईच्या बोटाला दाभण टोचली, रक्त आलं. कुंदा पुढे झाली तर तिने कोपराने बाजूला सारलं. तीन वाजले. नंदकुमार व्हरांड्यातून दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तो पाण्याचा तांब्या घेऊन, आणि तिथेच फुटबोर्डावर बसला.

शेवटच्या दोऱ्यापाशी माई थांबली. "ही गाठ त्यांची," ती म्हणाली. "मी गुंडाळला, गाठ त्यांनी मारली. सत्तेचाळीस साली. मला येत नव्हती नीट."

बाहेर फाटकाशी एक गाडी थांबली, चंद्रप्रकाश शेठ उतरले आणि ही मंडळी बघून आपसूकच लांब उभे राहिले. माईने ओठ आवळले. दाभण आत गेली, फिरली, आणि गाठ सुटली. कुंदाने तळहाताने खुंटी ढकलली. खट्ट! खुंटी समोरच्या फळीला भिडली.

"आता पंधरा मिनिटां द्या शेठ," जयवंत म्हणाला आणि टाकी रिकामी करायला पळाला.

नंदकुमारने एक गॅलन स्वतः ओतलं, माप डोळ्यांपुढे धरून, एक थेंब कमी नाही आणि एक थेंब जास्त नाही. मग तो मागे बसायला गेला तर पद्मजा आधीच आत बसली होती. "मी येणार," ती म्हणाली. "आणि आज कुणी मला नको म्हणू नये." कुणीच म्हणालं नाही. माई पुढे बसली, रुमालाची पुरचुंडी मुठीत घेऊन.

नाहूर गेलं, भांडुप गेलं. मागे धुराची शेपटी नव्हती. कुंदाने गाडी तिसाच्या वर नेली नाही, उतारावर पाय काढला, चढावर दाबला नाही, आणि पुढे बैलगाडी दिसली की लांबूनच वेग सोडला. घाटकोपरच्या नाक्यावर गाडी वळवली तेव्हा नंदकुमार मागून म्हणाला, "सात झाले." विक्रोळीला तो म्हणाला, "नऊ." कांजूरच्या अलीकडे, सकाळच्या जागेवर, तो काहीच म्हणाला नाही. हत्तीण शिंकली नाही. चिंचेची झाडं आली आणि मागे गेली. भांडुप यायच्या आधी, श्रावणात ती थांबली होती तिथे, माईने न बघताच कुंदाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मुलुंडचं फाटक आलं. चौदा. विद्याधर आणि शेठ रस्त्यातच उभे होते. कुंदा थांबलीच नाही.

"अगं ए, घर गेलं!" पद्मजा ओरडली.

"टाकीत आहे तोवर जाणार," कुंदा म्हणाली. "मला पुरता आकडा हवा आहे. अंदाजाने निघायचे दिवस संपले."

हत्तीण ठाण्याच्या रस्त्याला एक मैल आणि वर थोडी गेली, दोनदा शिंकली आणि सावकाश थांबली. पंधरा मैल आणि वर एक पाव. साहेबाच्या वेळचा आकडा. नंदकुमार खाली उतरला, कोट काढून पद्मजाकडे दिला, आणि मागे जाऊन गाडीला खांदा लावला. "कुंदे, ब्रेक सोड," तो म्हणाला. "आणि विदूला सांगून ठेवायला हवं होतंस, डबा घेऊन ये म्हणून. डॉक्टर झालीस, अक्कल नाही आली."

घरी पोचेपर्यंत सहा वाजले. चंद्रप्रकाश शेठ अजून तिथेच होते आणि आता गाडी त्यांना दुपटीने आवडली होती. "पंधरा मैल देते म्हणजे तर मी अधिक देईन, नंदकुमारभाई."

"आता विकायची नाही, शेठ," नंदकुमार म्हणाला, घाम पुसत. "शब्द दिलाय. सगळ्यांसमोर."

गाडीत बसल्याबसल्याच माईने रुमाल उघडला. अकरा दोऱ्यांतला शेवटी सुटलेला, सर्वांत फिका दोरा उचलला आणि कुंदाला म्हणाली, "हात दे."

"माई, बाळंतपणाला हात कोपरापर्यंत धुवावे लागतात. हातात दोरा चालत नाही."

माई विचारात पडली. मग तिची नजर मागच्या बैठकीवर गेली. कुंदाची बॅग तिथे होती, श्रावणातल्या चिखलाचा डाग अजून खाली असलेली. तिने ती पुढे घेतली, मांडीवर ठेवली, आणि दोरा कडीशी धरून दोनदा बॅग उघडून मिटून पाहिली. कुलूप चाचपलं. पुन्हा एकदा उघडली.

"इथे काही अडत नाही ना गं?"

"नाही, माई."

"नीट बघ."

कुंदाने वाकून नीट बघितलं. "नाही अडत."

"मग बांधते," माई म्हणाली. "पण गाठ तू मार. मला अजून नीट येत नाही."